पऱ्हाटीच्या राखेचा पेपर

सुलेखा शेजूळच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणत. असेलही. पण ज्या बाईला अकरा वर्षं दर जुलैत नव्यानं अर्ज करून आपल्याच टेबलाशी परत यावं लागतं, तिच्या नाकावर काय मोगरा फुलणार? सुलेखा रसायनशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मॅडम, घंटा झाली की कुणीच नाही. कायम प्राध्यापकांचं मस्टर प्राचार्यांच्या केबिनबाहेर उंच स्टँडवर ठेवलेलं. हिच्यासारख्यांचं मस्टर कपाटाच्या खालच्या कप्प्यात, वाकून काढायचं आणि वाकून ठेवायचं. अकरा वर्षं ती रोज सकाळी वाकली आणि रोज मनातल्या मनात एक शिवी घातली.

स्वभाव बापाकडून आलेला. पुंजाराम वैजापूरच्या मार्केट यार्डात मापारी होता. कांद्याच्या गोण्या काट्यावर चढल्या की तो आकडा आधी मोठ्यानं पुकारायचा, मग लिहायचा. शेतकऱ्यानं ऐकला, व्यापाऱ्यानं ऐकला, आता खोटं लिहायची सोयच नाही. एकदा एका व्यापाऱ्यानं काट्याला हळूच पाय लावला, तर पुंजारामनं खाली बसून, दोन्ही हातांनी तो पाय उचलून बाजूला ठेवला होता. भर यार्डात. लेकीनंही तीच खोड उचलली. प्रयोगशाळेत वजन करताना ती काट्यावरचा आकडा मोठ्यानं म्हणायची, आजूबाजूला कुणी असो नसो. पोरं मागं तिची नक्कल करायची, "शून्य पूर्णांक चारशे बारा!" असं ओरडत कॅन्टीनला जायची. तिला ते माहीत होतं आणि तिनं खोड सोडली नाही.

विभागप्रमुख होते हेमचंद्र सर. समर्थनगरात राहणारे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडणारे, जूनमध्ये निवृत्त होणारे. कॉलेजात सुलेखा ज्यांना मानायची असा हा एकच माणूस होता. सरांची कामाची एक पद्धत होती आणि ती त्यांनी तीस वर्षं कुणाचं न ऐकता चालवली. आधी कागद, मग काच. म्हणजे प्रयोगाला चंचुपात्र हातात घ्यायच्या आधी पेपर कागदावर मांडायचा. मोठा ड्रॉइंग पेपर भिंतीला लावायचा. वर प्रश्न एका वाक्यात. खाली कोष्टकं आखायची, ती रिकामी. मग प्रत्येक रिकाम्या चौकटीत आपला अंदाज पेन्सिलीनं लिहायचा. प्रयोग झाला, दोनदा पडताळला, की पेन्सिल खोडायची आणि खरा आकडा निळ्या शाईनं भरायचा. सगळ्या चौकटी निळ्या झाल्या की पेपर झाला. पेन्सिल म्हणजे आपलं मत, शाई म्हणजे निसर्गाचं, असं सर म्हणायचे. सुलेखाला हे वाक्य इतकं पटलं होतं की तिनं ते घरीही दोनतीनदा नवऱ्याला ऐकवलं होतं.

तिचा प्रश्न होता पऱ्हाटीचा. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या शेतात नुसत्या जाळतात. त्या राखेत पोटॅश असतं, म्हणजे अल्कली. मग विकतचं महाग रसायन कशाला, ही राखच उत्प्रेरक म्हणून, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणायला, वापरली तर? सासरच्या शेतातून तिनं स्कूटीच्या पायाशी पऱ्हाट्यांचा भारा बांधून पडेगावला घरी आणला, मग कॉलेजात विभागाच्या भट्टीत जाळला, चाळला. राख चालली. अशी चालली की अर्ध्या तासात फ्लास्कमध्ये पिवळे स्फटिक दिसायला लागले, आणि सुलेखा त्या दिवशी कुणावर ओरडली नाही. दोन वर्षं तास सांभाळून तिनं हे काम ओढलं. भिंतीवरच्या कागदावर चार कोष्टकं होती. पहिली तीन निळी झाली होती.

चौथं कोष्टक खरं महत्त्वाचं. एकदा वापरलेली राख गाळून, धुऊन, वाळवून परत वापरता येते का? पाचदा वापरायची, पाच चौकटी. पहिली निळी होती, स्फटिकांचा उतारा ब्याण्णव टक्के. पुढच्या चार पेन्सिलीत: एक्याण्णव, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी. अंदाजच तो, गोड गोड उतरत गेलेला. दुसऱ्या वेळेचा प्रयोग तिनं एकदा केला होता, तर अठ्ठावन्न आलं. एवढं कसं पडेल? धुताना आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं म्हणून तिनं वहीत अठ्ठावन्नसमोर प्रश्नचिन्ह काढलं आणि परत करायचं ठरवलं. कागदावर पेन्सिलीतले एक्याण्णव तसेच राहिले.

तेवढ्यात कॉलेजात रसायनशास्त्राची एक कायम जागा निघाली. अकरा वर्षांत जाहिरात निघालेली ही पहिलीच. अर्जात शोधनिबंधाचा रकाना होता आणि सुलेखाच्या अर्जात त्या रकान्यात दरवेळी आडवी रेघ असायची. सरांनीच तिला बोलावून सांगितलं की एक तरी पेपर स्वीकारला गेला पाहिजे, नाहीतर संस्थेचे लोक तुमची फाईल उघडणारही नाहीत. सुलेखाला तर आठवड्याला चोवीस तास, वर परीक्षेच्या ड्युट्या. म्हणून सरांनी मसुदा टाइप करायचं आणि इंग्रजी नीट करायचं काम इंद्रजीतला दिलं.

इंद्रजीत म्हणजे संस्थेच्या सचिवांचा पुतण्या. चार वर्षांपूर्वी जाहिरातीवाचूनच लागला तो कायमच लागला. तसा वाईट नव्हता. चहा पाजायचा, वाढदिवस लक्षात ठेवायचा, सुलेखाला कधी एकेरी बोलला नाही. वाईट माणूस निदान ओळखू तरी येतो. यानं काय केलं, भिंतीवरच्या कागदाचे मोबाइलवर स्कॅन काढले. ते ॲप कागद पांढराशुभ्र करतं आणि अक्षर काळंकुट्ट. पेन्सिल काळी, शाई पण काळी. समोर चार भरलेली कोष्टकं दिसली, त्यानं चारही टाइप केली. विचारलं नाही, की मॅडम, हे झालंय ना सगळं? सरांना पाठवलं. सर तेव्हा निवृत्तीच्या कागदपत्रांत बुडालेले. त्यांनी मथळा वाचला, सारांश वाचला आणि आपल्या खात्यावरून पेपर पाठवून दिला. पहिलं नाव सुलेखाचं, दुसरं इंद्रजीतचं, तिसरं सरांचं. सुलेखाला वाटत होतं, मसुदा अजून इंद्रजीतच्या लॅपटॉपवरच आहे. चौथं कोष्टक भरलं की आपण शेवटचा हात फिरवू, अशा भ्रमात बिचारी परीक्षेचे पेपर तपासत होती.

पाच आठवड्यांनी पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं. तेव्हा कुठं तिला कळलं की पेपर गेला होता. सर म्हणाले, घाई होती, तुमच्याच अर्जासाठी पाठवून टाकला. तिला जरा खटकलं, पण अर्जाची मुदत तीन दिवसांवर होती आणि आनंद कुणाला नको असतो? तिनं पत्राची प्रत फाईलला लावली. त्या पत्राच्या जोरावर मुलाखतीचं बोलावणं आलं. चौथं कोष्टक सरांनी तूर्त गाळलं असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. एकदा उघडून बघायचं ना, बाई! पण नाही बघितलं. ती चूक तिची.

मुलाखतीच्या बारा दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, छपाईपूर्वीचं प्रूफ आलं. अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्त्या कळवा, म्हणजे रविवार दुपारपर्यंत. इंद्रजीतनं स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सुलेखानं पेढा तोंडात टाकला आणि मोबाइलवर प्रूफ उघडलं. मथळ्यातच होतं, पुन्हापुन्हा वापरता येणारी राख. तिनं खाली सरकवलं. चौथं कोष्टक. ब्याण्णव, एक्याण्णव, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी.

शहाऐंशी तर तिला तोंडपाठ होतं. नव्वदच्या खाली बरंच उतरलेलं एखादं असावं, नाहीतर खरं वाटत नाही, असा विचार करून तिनंच ते एका मंगळवारी चहा पिता पिता लिहिलं होतं. आता त्याच्या खाली ओळ छापली होती की प्रत्येक आकडा तीन प्रयोगांची सरासरी आहे. तीन प्रयोगांची! तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातला पेढा तिला गिळवेना. तिनं तो कागदात थुंकला आणि इंद्रजीतला बाहेर बोलावलं.

इंद्रजीतचा चेहरा आधी खरोखरच उतरला. स्कॅनमध्ये सगळं सारखंच दिसलं, मला वाटलं झालंय सगळं, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. इथपर्यंत सुलेखाचा राग त्याच्यावर फारसा नव्हता. चूक माणसाच्या हातून होते. पण दोनच मिनिटांत त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं आणि तो हसला.

"मॅडम, तपासणाऱ्यांनी पास केलंय. जगात कोण पऱ्हाटी जाळून बघणारे?"

"मी," सुलेखा म्हणाली.

ती तडक सरांच्या घरी गेली. सर तिचं म्हणणं नीट ऐकून घेतील याची तिला खात्री होती. तीस वर्षं ज्यानं पेन्सिल आणि शाई केली, त्याला सांगायला किती वेळ लागणार? सरांनी ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. सरांच्या बायकोनं, शैलावहिनींनी, पाणी ठेवलं, ते तसंच राहिलं. मग सर चष्मा पुसत समजुतीच्या सुरात बोलायला लागले. प्रूफच्या वेळी निष्कर्ष बदलला तर पेपर रद्द होतो. पेपर रद्द झाला तर तुमची मुलाखत गेली. आपण असं करू, आधी जागा लागू द्या. मग तुम्ही सावकाश प्रयोग करा, फरक निघाला तर दुरुस्तीची टीप पाठवू. असं होतं, कितीतरी जण करतात.

"आणि फरक आत्ताच माहीत असला तर?" तिनं विचारलं. अठ्ठावन्नचं तिनं सांगितलं.

"एकदा केलेला प्रयोग आहे तो. तुम्हीच प्रश्नचिन्ह काढलंय," सर म्हणाले. "मॅडम, हे मी माझ्यासाठी करत नाही. तुमच्यासाठी करतोय."

हे मात्र अति झालं. खोटं हिच्या नावावर आणि वर उपकारही हिच्यावरच! इंद्रजीतनं असं बोललेलं एकवेळ चाललं असतं, त्याला कधी कुणी काही शिकवलंच नव्हतं. पण ज्या माणसाच्या तोंडचं वाक्य ती पंधरा ठिकाणी ऐकवत फिरली, त्यानंच हे म्हणावं? तिला ओरडायचं होतं. ती उठली, चपला घातल्या आणि पडेगावच्या रस्त्याला लागली.

घरी कृष्णाला सांगितलं. कृष्णा, तिचा नवरा, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. कंपनीत असले शंभर घोळ रोज निस्तरणारा माणूस. तो म्हणाला, खोटं तू लिहिलंस का? नाही ना? मग तुझ्या जिवाला कशाला घोर? अकरा वर्षांनी दार उघडलंय, तूच आतून कडी घालणार का? त्याचं काही चूक नव्हतं. पोरीच्या शाळेची, घराची, सगळी गणितं त्यानं त्या जागेवर बांधली होती. सुलेखा भाकरी थापत राहिली, आणि त्या थापण्याचा आवाज तीन घरांपलीकडं गेला. ताटं वाढताना ती एवढंच म्हणाली, "उद्या मी लॅबमधी जाणार. बघते काय येतंय."

"आणि अठ्ठावन्नच आलं तर?"

"तर अठ्ठावन्नच लिहीन."

निजायच्या आधी कृष्णा म्हणाला की जागा गेली तर पुढच्या अकरा वर्षांत हे मला ऐकवायचं नाही. तिनं हो म्हटलं.

शनिवारी परीक्षा होत्या, प्रयोगशाळा रिकामी. सकाळी आठला सुलेखानं कुलूप काढलं. राख तोलली, आकडा मोठ्यानं म्हटला. उकळवलं, गरम गरमच गाळलं, राख गाळणकागदावर राहिली, खालचं द्रावण थंड झालं तसे पिवळे स्फटिक उतरले. वाळवले, तोलले. "ब्याण्णव," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. राख धुतली, ओव्हनमध्ये वाळवली, तीच राख परत घातली. दुसऱ्यांदा सत्तावन्न. तिसऱ्यांदा एकवीस. चौथ्यांदा आठ. पाचव्यांदा तिनं फ्लास्क बर्फात तासभर ठेवला, काचेच्या कांडीनं आतून घासला, डोळे फाडून बघितलं. एक स्फटिक नाही.

मग तिनं राख धुतलेलं पाणी आटवलं आणि त्याचा कण तारेवर घेऊन ज्योतीत धरला. ज्योत जांभळी झाली. पोटॅश. सगळी ताकद धुण्याच्या पाण्यातून मोरीत जात होती. राख पहिल्याच अंघोळीत संपत होती, उरत होती ती नुसती माती. एवढी साधी गोष्ट! आणि इथं सुलेखाचा राग जो उसळला, तो ना इंद्रजीतवर होता ना सरांवर. अठ्ठावन्न तिला काही महिन्यांपूर्वीच दिसलं होतं. खरा आकडा आपल्या पायानं चालत तिच्या वहीत आला होता, आणि तिनं त्याच्यावर संशय घेतला. का? तर तो तिच्या पेन्सिलीशी जुळत नव्हता म्हणून. कोष्टकात बसत नव्हता म्हणून. तराजूवर आकडे ओरडणारी बाई, आणि वेळ आली तेव्हा निसर्गालाच चुकीचा ठरवून मोकळी झाली. तिनं ओट्यावर मूठ आपटली. चंचुपात्रं खणखणली. मग तिनं ती सगळी धुऊन पालथी घातली, कारण सोमवारी बॅच होती.

रविवारी सकाळी तिनं संपादकांना सरळ पत्र लिहिलं. चौथं कोष्टक प्रयोगाचं नाही. खरे आकडे हे. राख पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळं मथळा आणि निष्कर्ष दोन्ही चुकीचे आहेत. पहिली लेखिका, सुलेखा शेजूळ. प्रत इंद्रजीतला आणि सरांना. बोट पाठवायच्या खुणेवर ठेवून तिनं आत बघितलं. आतल्या खोलीत कृष्णा पोरीची वेणी घालत होता. तिनं पाठवून दिलं.

मंगळवारी उत्तर आलं. संपादक सभ्य होते. निष्कर्षच बदलत असल्यानं स्वीकृती रद्द करत आहोत, तिन्ही लेखकांनी कारण नमूद करून सहीचं पत्र पाठवावं. दुपारी सरांच्या केबिनमध्ये ते पत्र तयार होतं. इंद्रजीतनंच टाइप केलेलं. सुलेखानं वाचलं. पहिल्या लेखिकेकडून आकडे उतरवताना झालेल्या चुकीमुळे आम्ही हा शोधनिबंध मागे घेत आहोत.

वा रे पठ्ठे! उतरवले कुणी, पाठवले कुणी, दडपायला निघाले कोण, आणि चूक कुणाची? चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण त्या टाइप करून, समास सोडून, सहीची जागा आखून कुणी पुढ्यात ठेवत असेल असं वाटलं नव्हतं. सर म्हणाले, शब्द आहेत हो नुसते, एकाचं नाव घालावंच लागतं आणि पहिलं नाव तुमचंच आहे. इंद्रजीत खिडकीतून पार्किंग बघत होता.

सुलेखानं सरांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं. ते वाक्य एका रेघेत खोडलं. खाली लिहिलं आणि लिहिण्याआधी प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हटलं, बाहेर बसलेल्या शिपायालाही ऐकू जाईल असं. "पेन्सिलीतले अंदाज माझे होते, आणि मी प्रूफपर्यंत तपासलं नाही, ही माझी चूक. अंदाज निकाल म्हणून टाइप झाले, ही इंद्रजीत यांची चूक. न वाचता पाठवले, ही सरांची. शुक्रवारी संध्याकाळपासून हे तिघांनाही माहीत आहे." सही केली आणि कागद सरकवला. इंद्रजीत म्हणाला, मी असल्या भाषेवर सही करणार नाही. सरांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, उघडली, आणि तसाच तिच्याकडं परत दिला. पत्र एका सहीनं गेलं.

मुलाखतीच्या दिवशी समोर चौघे होते. संस्थेचे सचिव, म्हणजे इंद्रजीतचे काका. प्राचार्य. बाहेरगावाहून आलेल्या एक तज्ज्ञ बाई. आणि विभागप्रमुख म्हणून हेमचंद्र सर. सचिवांनी फाईल चाळली. स्वीकृतीचं पत्र अजून तिथंच होतं. ते खोटं नव्हतं, खरंच आलं होतं. रद्द झाल्याचं पत्र फाईलला लावा असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"शोधनिबंध एक, स्वीकारला गेलेला. बरोबर?" सचिवांनी विचारलं.

सर समोरच्या कोऱ्या पॅडकडं बघत होते. हो म्हणायला एक अक्षर लागतं. पुढं निवृत्तीपर्यंत उंच स्टँडवरचं मस्टर, कृष्णाची गणितं, पोरीची शाळा. सुलेखाला हे सगळं त्या क्षणी दिसलं, आणि सरांच्या पॅडकडं बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस नजर वर उचलून एकदा तिच्याकडं बघेना!

"होता," ती म्हणाली. "त्यातलं एक कोष्टक खोटं होतं, म्हणून मी तो मागं घेतला. हेमचंद्र सरांचं आणि तुमच्या पुतण्याचं नाव होतं त्यावर. त्यांना विचारा, ते सांगतील."

प्राचार्य खोकले. सचिवांनी फाईल मिटली. तज्ज्ञ बाईंनी मात्र विचारलं की नेमकं काय खोटं होतं, आणि सुलेखानं सांगितलं. ब्याण्णव, सत्तावन्न, एकवीस, आठ, शून्य. जांभळी ज्योत. बाईंनी ते टिपून घेतलं आणि त्या म्हणाल्या की राखेवरचे डझनभर पेपर मी तपासलेत, सगळ्यांत राख पाचदा चालते. सचिवांनी घड्याळ बघितलं. मुलाखत आठ मिनिटांत संपली.

आता सत्याचा विजय वगैरे झाला असं तुम्हाला ऐकायचं असेल, तर दुसरीकडं कुठंतरी ऐका. चार दिवसांनी यादी लागली. जागा दुसऱ्याला गेली, सहा शोधनिबंधवाल्याला. कृष्णानं ऐकवायचं नाही म्हटलं होतं, तिनं ऐकवलं नाही. त्यानं नुसती त्या दिवशी भाजी चिरून ठेवली होती, आणि ती बघून सुलेखा मोरीत जाऊन नळ सोडून रडली. रागानं रडली. हरल्याचं दुःख असतं तर बरं झालं असतं, ते ओसरतं.

दुसऱ्या दिवशी आठची बॅच होती. सुलेखा वाकली, मस्टरवर सही केली, प्रयोगशाळेत गेली. पोरं ब्युरेट धूत होती. हेमचंद्र सर दारात येऊन उभे राहिले. मुलाखतीपासून ते तिच्याशी बोलले नव्हते. दोन पावलं आत आले, हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्याच वेळेला सत्तावन्नवर येतं, ते पोटॅश विरघळून जातं म्हणूनच, हे नक्की केलंत? धुतलेल्या पाण्याचं मोजमाप घेतलंत का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या शुक्रवारी, पाण्याचा ग्लास पुढं ठेवून, सरांनी हाच प्रश्न विचारायला हवा होता. सुलेखानं पोरांकडं बघितलं, आवाज जागेवर आणला.

"घेतलंय, सर. पाचही वेळचं. राख दुसऱ्यांदा चालत नाही आणि का चालत नाही, असा पेपर लिहायला घेतलाय."

"चांगलं आहे," सर म्हणाले. "मसुदा दाखवाल मला?"

"छापून आल्यावर दाखवीन," सुलेखा म्हणाली. "त्यावर एकच नाव आहे."

आणि ती हजेरी घ्यायला वळली.